कुरणाशेजारची धावपट्टी

मावशी लग्न होऊन बेटावर आली तेव्हा तिला पोहता येत नव्हतं. माहेर शेतकऱ्याचं, तिथे पाणी म्हणजे विहीर, नाहीतर पाट. सासूने पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात एक टोपली आणि लोखंडी पंजा दिला आणि तिला बेटाच्या उत्तरेच्या उथळ खाडीत नेऊन उभं केलं.

"पाय उचलायचा नाही, घसरवायचा," सासू म्हणाली. "वाळूत काटेरी शेपटीची पाकट लपलेली असते. तिला आधी कळू दे, तू येतेयस ते. कुणाच्याही घरात पाय वाजवूनच शिरावं."

त्या खाडीला बेटावरचे लोक कुरण म्हणायचे. पाण्याखाली रिबिनीसारखं लांब, हिरवं गवत होतं. भरतीला ते उभं राहून डुलायचं, ओहोटीला विंचरलेल्या केसांसारखं एका अंगाला पडायचं. त्या गवताच्या मुळाशी शिंपल्या, खेकडे, बोटाएवढी मासळीची पिल्लं. मोठी मासळी बाहेरच्या समुद्रात पकडली जायची, पण ती लहानाची मोठी व्हायची ती इथेच. सासू म्हणायची, "समुद्राचा हा पाळणा आहे. पाळण्यापाशी आरडाओरडा करायचा नाही." मावशी तीन वर्षांत पोहायला शिकली, पाच वर्षांत होडी हाकायला. सासू गेली तोवर ओहोटीची वेळ मावशीला घड्याळ न बघता कळायला लागली होती.

नवरा विमानतळावर सामान चढवायचा. तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या बॅगा विमानाच्या पोटात घातल्या आणि नोकरीची तीस भरली तशी कंबर धरून घरी बसला. मुलगा डंपर चालवायचा, सूनबाई विमानतळाच्या चौकशी खिडकीवर बसायची. घर धावपट्टीच्या टोकापासून हाकेच्या अंतरावर. विमान वरून गेलं की घरातल्या सगळ्यांनी तोंड मिटायचं आणि आवाज सरला की त्याच शब्दापासून पुढे बोलायचं, अशी सवयच लागून गेली होती. पाहुणे गोंधळायचे. नवरा सांगायचा, "आमची निम्मी भांडणं विमानानेच मिटवली. मधेच थांबावं लागलं की पुढचं आठवतच नाही."

तेव्हा विमानतळ वाढणार अशी बातमी आली, ती ह्या घराला परकी नव्हती. धावपट्टी आखूड होती, मोठी विमानं उतरत नव्हती. वारा आडवा आला की होती ती छोटी विमानंही परत फिरायची आणि एखाद्या आजाऱ्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर होडीशिवाय इलाज नसायचा. बेटावर जमीन मुळातच चिमूटभर. म्हणून समुद्रात भराव घालून धावपट्टी उत्तरेला लांबवायची, असं ठरलं. उत्तरेला म्हणजे कुरणात.

मुलगा खुशीत होता. घरापासून पाच मिनिटांवर दोन-तीन वर्षांचं काम. नवराही खुशीत. "मोठी विमानं येतील! मी असतो तर एकेकाच्या पोटात आख्खं गाव भरलं असतं."

"आणि कुरण?" मावशीने विचारलं.

विमान गेलं. आवाज सरल्यावर कोणीच त्या शब्दापासून पुढे बोललं नाही.

आता ह्या घराने विमानतळाचंच मीठ खाल्लेलं. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, हे मावशीला कळत होतं. पण इथे तर मासाच तिच्याकडे बघत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. ती रोजच्यासारखी टोपली घेऊन जात राहिली.

थंडीच्या दिवसांत पाहणीसाठी शहरातून एक मुलगी आली. जाड चष्मा, पाठीवर मोठी पिशवी, बोलायला लाघवी. तिला खाडीत फिरवायला होडी हवी होती आणि कुरणातले खडक तोंडपाठ असणारी होडी एकच होती. दोन दिवस मावशीने तिला फिरवलं. मुलीने दोरी टाकली, चौकटी टाकल्या, चौकटीत काय दिसतं ते लिहून घेतलं. मावशी एकदा म्हणाली, "पोरी, थंडीत गवत बसतं गं. पानं झडतात, मुळं तेवढी जागी असतात." मुलगी म्हणाली, "हो मावशी, पण मला हेच दोन दिवस दिलेत." आणि ती गेली.

दोन महिन्यांनी शाळेच्या मोठ्या वर्गात जाहीर बैठक झाली. बेटावरची मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. पडद्यावर चित्रं आली. कुरणाच्या जागी एक पांढरा पट्टा आणि खाली ओळ : "तळ वाळूचा. गवत तुरळक."

"तुरळक" हा शब्द मावशीला असा लागला, जसा कोणी तिच्या सासूलाच लावला असावा. ती उठून उभी राहिली. घरून तिने मनात पुष्कळ जुळवलं होतं. पाळणा, पिल्लं, बाहेरची मासळी, सगळं. पण समोर टेबलापाशी बसलेले साहेब तिच्याकडे बघायला लागले आणि जुळवलेलं सगळं पुसलं गेलं. शेवटी जे तोंडात आलं ते तिने बोलून टाकलं.

"हजामत झाली त्या दिवशी आलात आणि माणूस टकला आहे असं लिहून घेतलंत."

वर्ग हसला, तो एवढा की बाकं हलली. मावशी लाजेने लाल होऊन खाली बसली. "हात दाखवून अवलक्षण," ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली. नवरा डोळे पुसत होता, पण हसून. "अगं, मी तीस वर्षांत साहेबाला एवढं ऐकवलं नाही," तो म्हणाला.

बैठक संपल्यावर दाराशी मोठे इंजिनियर तिची वाट बघत उभे होते. भरावाच्या कामाचे सगळ्यात वरचे. उंच, कपाळाला आठी, कमी बोलणारे.

"केस वाढतात कधी, मावशी?"

"दोन महिन्यांनी या. अमावास्येची ओहोटी, सकाळी सातला. होडी लागणार नाही. चालत जाऊ."

मावशीला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण दोन महिन्यांनी साडेसहालाच ते बांधावर हजर. सोबत ती चष्म्याची मुलगी, मान खाली घालून. पायात साहेबांच्या चांगले चामड्याचे बूट.

"बूट काढा साहेब," मावशी म्हणाली.

"राहू द्या. सवय आहे."

शंभर पावलांवर चिखलाने डावा बूट गिळला. साहेब एका पायावर उभे, मावशी कोपरापर्यंत हात घालून शोधतेय, मुलगी साहेबांचा दंड धरून. बूट सापडला, पण त्यात एक खेकडा आधीच राहायला आला होता. साहेब पहिल्यांदा हसले. मग दोन्ही बूट हातात घेऊन ते मावशीसारखेच पाय घसरवत चालायला लागले.

त्या दिवशी पाणी इतकं मागे गेलं होतं की आख्खं कुरण उघडं पडलं होतं. डोळ्यांत मावणार नाही एवढं हिरवं. मावशीने काहीच समजावलं नाही. ती एकेका डबक्यापाशी थांबायची आणि गवत हाताने बाजूला करायची. डबक्यात काचेसारखी पारदर्शक पिल्लं, नुसते डोळे दिसायचे. एका ठिकाणी तिने पंजा एकदाच ओढला, तर अकरा शिंपल्या निघाल्या. त्या तिने मोजून साहेबांच्या उजव्या बुटात टाकल्या.

शेवटी ती त्यांना खाडीच्या तोंडाशी घेऊन गेली. भरती लागली होती. तिने काठावरची वाळकी पानं उचलून पाण्यात टाकली. पानं आत शिरली, पश्चिमेच्या काठाने वळली आणि पूर्वेकडून बाहेर यायला लागली.

"पाणी असं श्वास घेतं," ती म्हणाली. "तुमच्या चित्रात भरावाची भिंत इथून तिथवर सरळ आहे. तशी घातलीत तर नुसता भरावाखालचा भाग जाणार नाही. उरलेलं पाणीही आत कोंडून सडेल. मग वास तुमच्याच विमानतळात येईल."

साहेबांनी आणखी पानं मागितली. अर्धा तास तो एवढा मोठा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून पानं सोडत होता आणि मुलगी वेळ लिहून घेत होती. परत येताना ती हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही तेव्हाच सांगितलं होतंत. मी दोन दिवस आणखी मागायला हवे होते." मावशीने तिच्या पाठीवर थाप मारली. हाताला चिखल होता, त्याचा पंजा मुलीच्या शर्टावर उमटला. "आता आलीस ना? झालं तर मग."

सगळं काही वाचलं नाही. धावपट्टी हवीच होती आणि ती झाली. पण नवी पाहणी झाली, चित्र बदललं. भराव पूर्वेला सरकला, भिंत वळवली, तिच्यात पाणी खेळायला तीन मोठी दारं ठेवली. कुरणाचा पश्चिमेकडचा मोठा भाग राहिला, पूर्वेकडचा गेला. पूर्वेचं गवत मुळांसकट काढून दुसरीकडे लावायचं ठरलं.

पूर्वेच्याच भागात सासूची जागा होती, जिथे मावशी पहिल्यांदा उभी राहिली होती. दगड पडायच्या आदल्या दिवशी ती तिथे गेली. टोपली नेली, पण एकही शिंपली काढली नाही. नुसती फिरली, पाय घसरवत. घरी आली तेव्हा डोळे सुजले होते. नवऱ्याने विचारलं, "रडलीस?" "खारं पाणी उडालं," ती म्हणाली. नवऱ्याने त्या दिवशी स्वतः स्वयंपाक केला. तो करपला, पण पानात कोणी काही टाकलं नाही.

आठवडाभराने ती मुलगी घरी आली. काम चालू असताना पाणी गढूळ होतंय का, हे रोज मोजणारं माणूस हवं होतं.

"मी चौथीपर्यंत शिकलेय गं."

"आकडे येतात ना? दोरीवरच्या खुणा वाचायच्या."

काम असं होतं. ताटाएवढी एक तबकडी, अर्धी पांढरी, अर्धी काळी, मीटरच्या खुणा केलेल्या दोरीला बांधलेली. होडीच्या सावलीच्या बाजूने ती पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की खूण बघायची, वर ओढताना पुन्हा दिसली की खूण बघायची, दोन्हींचा मध्य लिहायचा. भरावाभोवती नारिंगी तरंगत्या फुग्यांना लोंबता कापडी पडदा लावलेला, गाळ आतच राहावा म्हणून. त्या पडद्याबाहेर पाच ठिकाणी मोजायचं आणि एकदा दूर, नितळ समुद्रात. दूरच्या निम्म्याइतकंही पडद्याजवळ दिसलं नाही, तर होडीवर लाल बावटा लावायचा आणि काम थांबवायचं. हा अधिकार मावशीचा. कागदावर तसं लिहून, शिक्का मारून दिलेलं.

नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला. "म्हणजे माझी बायको आता विमानतळ थांबवणार," तो म्हणाला. "मला तीस वर्षांत एक बॅग थांबवता आली नाही." तिचं अक्षर वाईट म्हणून वहीत लिहायचं काम त्याने आपणहून घेतलं. कंबरेखाली उशी घेऊन तो होडीत बसायचा. ती आकडा ओरडायची, तो लिहायचा आणि "नक्की ना?" विचारायचा. ती चिडायची. "नक्की नसतं तर ओरडले असते का?" हे रोज पाच अधिक एक, सहा वेळा.

चार महिने सगळं सुरळीत गेलं. लोक तिला तबकडीवाली म्हणायला लागले. मग एका सकाळी दूरच्या पाण्यात चार मीटर दिसलं आणि पडद्याजवळ तिसऱ्या जागी तबकडी सोडताच डोळ्यांदेखत गेली. दीड मीटर. मावशीने पुन्हा सोडली. दीड. होडीची बाजू बदलली, पुन्हा सोडली. दीड.

नवऱ्याने ह्या वेळी "नक्की ना" विचारलं नाही. पेन धरून तो भरावाकडे बघत होता. तिकडे टोकावर डंपरांची रांग होती आणि सगळ्यात पुढचा, दगडांनी भरलेला डंपर त्यांच्याच मुलाचा होता.

"अगं," तो म्हणाला.

"बघितलं मी," मावशी म्हणाली आणि तिने बावटा लावला.

पहिला फोन मुकादमाचा. "मावशी, चष्मा तपासून घ्या. आमचा पडदा एकदम ठणठणीत आहे."

"दूरच्या पाण्यात हाच चष्मा होता, तिथे चार मीटर दिसलं. चष्मा काय जागा बघून बिघडतो?"

"अहो, नुकती लाट आली असेल. तासाभराने मोजा."

"तासाभराने मोजते. तोवर थांबा."

दुसरा फोन मुलाचा. "आई, माझ्या मागे अकरा गाड्या उभ्या आहेत. सगळे माझ्याकडे बघतायत."

"मग बाराव्याला सांग, येऊ नको म्हणून."

त्याने फोन ठेवला. मावशीने दोरी घट्ट धरून ठेवली. तासाभराने मोजलं. सव्वा मीटर. दुपारी पाणबुडे उतरले. पडद्याची खालची साखळी खडकात अडकून कापड फाटलं होतं, दाराएवढी फट. त्यातून गाळ सरळ पश्चिमेच्या कुरणाकडे चालला होता. मुकादम आला तो ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा, हवापाण्याच्या गप्पा मारत. शेवटी म्हणाला, "बरं झालं, लवकर कळलं. आणखी दोन दिवस गेले असते तर मला वर तोंड दाखवता आलं नसतं." काम दीड दिवस बंद राहिलं.

घरात मात्र तीन दिवस. मुलगा आईशी बोलेना. सूनबाई बिचारी दोघांच्या मधे.

"आई, हे विचारतायत, मीठ कुठे आहे?"

"त्याला सांग, काल होतं तिथेच आहे."

"अहो, काल होतं तिथेच आहे म्हणे."

"ऐकलं मी!"

नवरा ताटावरून मान न उचलता म्हणाला, "घरात पण पडदा टाकलाय वाटतं. हा मात्र चांगला घट्ट आहे." सूनबाईला हसू आवरेना. मुलगा उठून गेला, पण जाताना त्याचेही खांदे हलत होते.

सुट्टीच्या दिवशी मावशी होडी सोडत होती, तर मुलगा येऊन बापाच्या जागेवर बसला. तिसऱ्या जागेपाशी त्याने हात पुढे केला. मावशीने तबकडी दिली. त्याने ती हळूहळू सोडली, ओणवा होऊन बघत राहिला.

"दिसतेय... दिसतेय... गेली." त्याने खूण वाचली. "साडेतीन." मग दोरी वर ओढत, "आई, एवढंच?"

"एवढंच."

"साईटवर सगळे म्हणतात, तुझी आई लई कडक आहे."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, तुम्हाला आता कळलं. मी लहानपणापासून बघतोय."

मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ओला होता, पण त्याने डोकं हलवलं नाही.

धावपट्टी पुरी झाली त्याला आता दोन वर्षं झाली. उचलून लावलेल्या गवताच्या चाळीस तुकड्यांपैकी एकोणीस जगले. मुलगी फोनवर म्हणाली, "अर्धेसुद्धा नाहीत, मावशी." मावशी म्हणाली, "मला माहेरून इथे लावलं तेव्हा मी तरी कुठे लगेच रुजले?" पहिल्या वर्षी भिंतीजवळच्या शिंपल्या बारीक निघाल्या. दुसऱ्या वर्षी बऱ्या. भिंतीच्या दगडांत खेकड्यांनी बिऱ्हाडं केली आहेत, ती कोणी चित्रात काढली नव्हती. पूर्वेची जागा मात्र गेली ती गेली. तिथून आता विमानं धावतात आणि मावशी त्या बाजूला फारशी बघत नाही. मोजणी चालू आहे, आता आठवड्यातून एकदाच.

गेल्या महिन्यात मोठ्या इंजिनियरांचा निरोप आला. दुसऱ्या एका बेटावर असाच भराव घालायचा आहे. आराखडा काढण्याआधी तिथली खाडी मावशीने चालून बघावी, सोबत यजमानांनाही आणावं, विमानाची तिकिटं पाठवतो.

दोघंही कधी विमानात बसलेली नव्हती. नवऱ्याने बॅग स्वतः भरली, स्वतः बांधली, चौकशी खिडकीवर सुनेला चारदा दाखवली. विमानात मावशीला खिडकीची जागा मिळाली, तर तो तिच्या अंगावरून वाकून खाली बघत होता.

"ती बघ, ती आपली बॅग! फेकली! अरे, कडेला धर, मूठ कशाला आहे तिला!"

"अहो, त्याला ऐकू जात नाही."

"मला तरी तेव्हा कुठे ऐकू जायचं?"

विमान धावलं, उचललं गेलं. मावशीने दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा कुरण खाली होतं. चाळीस वर्षं तिने ते पावलांनी मोजलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला अर्धी ओहोटी लागायची आणि आता ते तिच्या तळहाताखाली झाकलं गेलं असतं. पण हिरवं होतं. काठाशी पोपटी, मधे गडद आणि भिंतीच्या तिन्ही दारांपाशी पाण्याच्या फिकट रेषा आत-बाहेर करत असलेल्या.

"काय दिसतंय?" नवऱ्याने विचारलं.

"सगळं," मावशी म्हणाली.

मग ढग आले आणि बेट झाकलं गेलं. मावशी आणखी थोडा वेळ काचेला कपाळ लावून बसली. मग तिने पट्टा सोडायचा कसा ते विचारून घेतलं आणि उठली.

"आता तुम्ही बसा इकडे," ती म्हणाली.